मदत हवी आहे: जपानी पडद्यावरची ठिपकेवाली – वाघीण की बिबट्या?

शाळेतल्या चित्रप्रदर्शनासाठी जपानी घडीच्या पडद्यांच्या (ब्योबू) छापील प्रतींखाली मराठी ओळी लिहिते आहे. एका चित्रावर अडले आहे. कानो या जपानी चित्रकार घराण्याच्या शैलीतला सहा पाटांचा पडदा, सोनेरी पार्श्वभूमी, बांबूचं बन, पट्टेरी वाघ आणि शेजारी ठिपक्यांचा प्राणी.

एवढं वाचून कळलं आहे: जपानच्या रानात वाघ नव्हते. चित्रकार बाहेरून आलेली कातडी आणि चिनी, कोरियन चित्रं पाहून वाघ काढत. बिबट्या ही वाघाची मादी, असा तेव्हा समज होता. म्हणजे चित्रकाराच्या मनात ही जोडीच होती! मला हे फार गोड वाटतं, म्हणून नुसतं 'बिबट्या' लिहून मोकळं व्हायला मन धजत नाही. पण 'वाघीण' लिहिलं तर पाचवी-सहावीची मुलं चुकीचं शिकतील. आपल्याकडे 'बिबट्या वाघ' म्हणतातच, त्यानं घोळ आणखी वाढेल.

जागा फक्त दोन ओळींची, तळटीप नाही. जपानी मला वाचता येत नाही. इंग्रजी, हिंदी चालेल.

संग्रहालयात असे फलक लिहिलेल्यांना विचारते: नाव डोळ्यांना दिसतं त्या प्राण्याचं द्यायचं, की चित्रकाराला अभिप्रेत असलेल्या प्राण्याचं?