पीआयडी, ओटीपोटाचं दुखणं आणि "काही नाही गं, गॅस असेल" : अनुभव लिहा

कवडसा
मला पीआयडी म्हणजे पेल्विक इन्फ्लमेटरी डिसीज आहे हे कळेपर्यंत गॅसच्या गोळ्या झाल्या, युरीन इन्फेक्शनचा कोर्स झाला, जिऱ्याचं पाणी झालं, आणि ऑफिसात पोटाला गरम पाण्याची पिशवी लावून मीटिंगा पण झाल्या. सोनोग्राफी नॉर्मल. त्यामुळे सगळ्यांचं मत पडलं की टेन्शन आहे. मग एका डॉक्टर बाईंनी पहिल्यांदा आतून तपासलं, दोन बोटांनी गर्भाशयाचं तोंड जरासं हलवलं आणि मी टेबलावरून जवळजवळ उठलेच. त्या शांतपणे म्हणाल्या, मी हेच शोधत होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, योनीमार्गातलं इन्फेक्शन वर चढत गर्भाशयात, नळ्यांत, ओव्हरीपर्यंत जातं त्याला हे नाव आहे. ओटीपोटात दुखणं, अंगावर वास येणारं पांढरं-पिवळं जाणं, संबंधांच्या वेळी आत खोल दुखणं, मधेच स्पॉटिंग, कधी ताप. किंवा यातलं जवळपास काहीच नाही, आणि हेच वाईट आहे.

तुम्हाला कसं कळलं, आणि मुख्य म्हणजे नवऱ्याला/पार्टनरला औषध दिलं का, हे लिहा. डॉक्टरांची, हॉस्पिटलची नावं नकोत. कुणाला दुसऱ्या आयडीने लिहायचं असेल तर खुशाल लिहा.

चिंचेचं_झाड
तुझ्या शेवटच्या प्रश्नावरच लिहिते कारण माझं सगळं रामायण तिथेच आहे. आमचं एकत्र कुटुंब, इचलकरंजीकडे. सासूबाईंनी आधी तांदळाचं धुवण प्यायला लावलं, मग धणे भिजवलेलं पाणी, माया होती त्यात, मी नाही म्हणत नाही. पण दुखणं हटेना म्हणून डॉक्टरकडे गेले, गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, आणि दोनेक महिन्यांत परत तेच. डॉक्टरांनी पहिल्याच वेळी दोन चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, एक माझी एक यांची. यांची चिठ्ठी कपाटात. "मला काही होत नाही तर मी कशाला गोळ्या खाऊ?" तिसऱ्यांदा त्रास झाला तेव्हा डॉक्टरांनी यांनाच बोलावून घेतलं आणि सांगितलं की क्लॅमिडिया म्हणजे संबंधांतून पसरणारं इन्फेक्शन, बऱ्याच पुरुषांना त्याची काही लक्षणंच नसतात, तुम्ही घेत नाही तोवर हिची गोळी वायाच जाणार. तेव्हा घेतली. त्यानंतर नाही झालं परत. घरात मात्र अजून सगळ्यांना वाटतं की धुवणानेच फरक पडला.

दुपारची_लोकल
मी अविवाहित आहे, पुण्यात नोकरी. उजव्या बाजूला दुखत होतं, फॅमिली डॉक्टर म्हणाले अपेंडिक्स असू शकतं, सर्जनकडे पाठवलं, सोबत आई. आपल्याकडे प्रश्न कसा विचारतात माहितीये ना, "लग्न झालंय का?" नाही म्हटलं की तो विषय बंद. आणि आतून तपासणीचा विषय पण बंद. खरं तर त्यांना विचारायचं असतं एक आणि विचारतात दुसरंच, आणि आई शेजारी बसलेली असताना मी तरी काय वेगळं सांगणार होते? सर्जनच्या असिस्टंट मुलीने बीपी घेता घेता आईला म्हटलं, काकू जरा बाहेर बसता का, आणि मग सरळ विचारलं. त्या एका प्रश्नाने माझं पोट वाचलं असं मी मानते. आधी प्रेग्नन्सी टेस्ट केली कारण नळीत गर्भ राहिला असेल तर तो जीवावर बेततो, ती निगेटिव्ह आली, मग गायनॅककडे पाठवलं.

आईला अजून वाटतं की अपेंडिक्सला सूज होती. असू दे.

स्टेथो_आणि_चहा
मी गायनॅक आहे, थोडं लिहिते. कुणाला वैयक्तिक औषध इथे सांगणार नाही.

पीआयडीची अशी एकच खात्रीची टेस्ट नसते. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे पीआयडी नाही असं नसतं, पू साठून गळू झालं असेल किंवा नळी फुगली असेल तर सोनोग्राफीत दिसतं, नाहीतर बरेचदा दिसत नाही. म्हणून तपासताना गर्भाशय, त्याचं तोंड किंवा बाजू दुखली आणि दुसरं कारण सापडलं नाही तर आम्ही रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतो. उशीर झाला की नळ्या आतून चिकटतात आणि त्या गोळ्यांनी परत मोकळ्या होत नाहीत. स्वीडनमधला लुंडचा एक जुना मोठा अभ्यास आहे, १९९२ साली छापलेला, त्यात एकदा पीआयडी झालेल्यांमध्ये नळ्यांमुळे मूल न राहण्याचं प्रमाण ८ टक्के होतं, दोनदा झालेल्यांत जवळपास २० आणि तीन किंवा जास्त वेळा झालेल्यांत ४०. म्हणून वर चिंचेचं झाड यांच्या डॉक्टरांनी नवऱ्याला बोलावलं ते फार बरं केलं.

औषध साधारण असं असतं : सुरुवातीला एक इंजेक्शन, मग डॉक्सिसायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल १४ दिवस. तीन दिवसांत फरक नाही पडला तर परत दाखवायचं, कोर्स संपायची वाट बघायची नाही. आणि चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवायच्या नाहीत, हे तर सगळ्याच करतात. डॉक्सी भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि घेतल्यावर लगेच आडव्या होऊ नका, गोळी अन्ननलिकेत अडकून जळजळ होते. दूध, कॅल्शियम, लोह त्याच वेळी नको. प्रेग्नन्सीची शक्यता असेल तर आधी सांगा. मेट्रोने तोंडाला धातूची चव येते, तेवढी सहन करा, दारू नको. दोघांचे कोर्स होईपर्यंत संबंध नकोत.

रिकामा_कॅनव्हास
डॉक्टर, कॉपर टी असेल तर काढावी लागते का? माझी बहीण घाबरलीये.

स्टेथो_आणि_चहा
लगेच नाही. औषध सुरू करून दोन-तीन दिवस बघतात, फरक नसेल तर काढायचा विचार करतात. कॉपर टीमुळे धोका वाढतो तो मुख्यतः बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत, नंतर तो फार राहत नाही. गर्भपात, क्युरेटिंग, बाळंतपण यानंतर पण इन्फेक्शन वर चढू शकतं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गर्भपाताच्या गोळ्या आणून घरी घेतात आणि आत काही राहून जातं, अशा मुली ताप घेऊन येतात आमच्याकडे.

बाप्पा_मोरया_७७
पुरुष आयडी आहे, चालेल ना? बायकोला निदान झालं तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच की हे आलं कुठून, आणि तिच्या डोक्यात पण हाच. दोन दिवस घरात कोर्ट भरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की एकतर प्रत्येक पीआयडी लैंगिक आजारातूनच येतो असं नाही, योनीतले नेहमीचे जंतू पण वर जातात, आणि दुसरं म्हणजे क्लॅमिडिया कित्येक महिने, कधी वर्षं गप्प बसून राहू शकतो, लग्नाआधीचा पण असू शकतो, तेव्हा तारखा लावत बसू नका. मी लघवीची तपासणी केली, औषध घेतलं. मेडिकलवाला चिठ्ठी बघून माझ्याकडे असा बघत होता की मी बँक लुटून आलोय.

सुईण_आजी
मी विदर्भात एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रातली नर्स होते, आता रिटायर. तुम्ही मुली लिहिता ते वाचून बरं वाटलं कारण आमच्यावेळी बाया "कंबर मोडते" एवढंच सांगायच्या, त्याच्यापुढे काही बोलायच्याच नाहीत. पांढरं जातं हे तर बाईच्या जातीला असायचंच असं धरून चालायच्या, माझी आई, माझी मोठी जाऊ, सगळ्या. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली होती, १९८९ ला लॅन्सेटमध्ये छापून आलं. ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. म्हणजे त्रास घरोघरी आणि तपासणी कुणाचीच नाही. बरं, त्यातल्या सगळ्याच तक्रार घेऊन आल्या होत्या असंही नव्हे, जवळपास निम्म्यांना काही त्रासच सांगायचा नव्हता.

मी केंद्रावर बाईला विचारायची तेव्हा थेट विचारायची नाही. आधी विचारायची शेतात वाकून काम होतं का, निंदायला बसता येतं का. वाकल्यावर ओटीपोटात दुखतं म्हणाली की मग दार लोटून पुढचं विचारायची. नवऱ्याबरोबर झोपताना दुखतं का, हे विचारल्यावर कितीतरी बाया रडायच्या, कारण ते दुखायला नको हेच त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

निळी_शाई
मी थोडं वेगळं लिहिते कारण माझं निदान पीआयडी म्हणून सुरू झालं आणि टीबीवर संपलं. ना खोकला, ना ताप. पाळी कमी कमी होत गेली, ओटीपोट जड, आणि मूल राहत नव्हतं. कोर्सवर कोर्स झाले. शेवटी एका डॉक्टरांनी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला त्यात टीबी निघाला. आपल्याकडे हे दुर्मिळ नाही, फुफ्फुसातून रक्तावाटे जंतू नळ्यांपर्यंत जातो आणि बहुतेकदा दोन्ही नळ्या धरतो. सहा महिन्यांचं औषध सरकारी केंद्रातून फुकट मिळालं, पोषणाचे पैसेही खात्यावर आले. पण नळ्या गेल्या त्या गेल्याच. एक नळी पाण्याने भरून फुगलेली होती, ती आयव्हीएफच्या आधी काढावी लागली कारण ते पाणी गर्भ रुजू देत नाही म्हणे. पहिल्या आयव्हीएफला नाही राहिलं. सध्या थांबलोय. लोक विचारतात गुड न्यूज कधी, मी म्हणते पगारवाढ झाली की.

थेम्सकाठची_मावशी
मी इंग्लंडमध्ये असते. इथे सेक्शुअल हेल्थ क्लिनिक वेगळी असतात, फुकट, जीपीच्या म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय जाता येतं. नर्सने सगळं इतकं सरळ विचारलं की लाजायला वेळच मिळाला नाही. पार्टनरला तुम्ही सांगणार की आम्ही तुमचं नाव न घेता कळवू, हे पण विचारलं. हे आपल्याकडे असतं तर वरची निम्मी कोर्टं भरलीच नसती.

माझं पहिलं लक्षण म्हणजे उजव्या बरगडीखाली दुखणं, श्वास घेतला की जास्त. पित्ताचे खडे शोधून झाले, नव्हतेच. पीआयडीत यकृताच्या बाहेरच्या आवरणाला पण सूज येऊ शकते. लॅप्रोस्कोपीत यकृत आणि पोटाच्या भिंतीच्या मधे तंबोऱ्याच्या तारांसारखे धागे ताणलेले दिसले, फोटो आहे माझ्याकडे.

पाणीपुरी_विदाऊट_कांदा
मी रोज आतून अँटिसेप्टिक घालून धुते, स्वच्छता ठेवली तर हे होणार नाही ना?

स्टेथो_आणि_चहा
आतून धुणं आजच बंद करा प्लीज. त्याने आतले चांगले जंतू मरतात आणि पीआयडीचा धोका वाढतो. बाहेरून साधं पाणी पुरे. कंडोम मात्र खरंच उपयोगाचा आहे.

चिंचेचं_झाड
माझ्या नणंदेला दाखवायचंय पण प्रायव्हेटचा खर्च झेपणार नाही. सरकारीत कुठे जायचं?

सुईण_आजी
जिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक विचार, लैंगिक आजारांसाठीचं असतं ते. आमच्यावेळी ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळं पाकीट मिळायचं, सहा नंबरचं, सगळा कोर्स त्यातच. नवऱ्याला पण घेऊन जा म्हणावं, दोघांचं एकाच दिवशी होऊन जाईल.

चिंचेचं_झाड
तिची पाळी चालू आहे, संपेपर्यंत थांबू का?

स्टेथो_आणि_चहा
नको. दुखत असेल तर पाळीतही तपासतात. ताप, उलट्या असतील किंवा चक्कर येत असेल तर ओपीडीची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीला न्या, आणि पाळी चुकली होती का ते आठवून सांगायला सांगा.