मोफत आरोग्य शिबिरं बंद करून तो पैसा आरोग्याचं काम शिकवलेल्या गावातल्याच बाईवर खर्च करावा का?

रानवाट:
ट्रस्टवाले खेड्यात येतात, मंडप टाकतात, बीपी-शुगर बघतात, पंधरा दिवसांच्या गोळ्या देतात आणि फोटो काढून जातात. अहो बीपीची गोळी जन्मभर घ्यायची असते, सोळाव्या दिवशी त्या माणसाने काय करायचं? माझं मत, बंद करा हे. जामखेडला डॉक्टर आरोळे दांपत्याने १९७० पासून गावातल्याच बायका तयार केल्या, बऱ्याच जणी निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या, आणि बाळंतपणापासून जुलाबापर्यंत सगळं शिकल्या. नुसतं औषधपाणी पण नाही, हातपंप मुद्दाम दलित वस्तीत घेतले, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिकडे जाणं भाग. हे कुठल्या शिबिरात होतं सांगा.

ठोकताळा:
फोटोबाजीबद्दल शंभर टक्के सहमत, बाकी नाही. मोतीबिंदू काय गावातली बाई काढणार? मदुराईचं अरविंद आय हॉस्पिटल १९७६ ला ११ खाटांवर सुरू झालं, त्यांचीही शिबिरं असतात, पण तिथे फक्त तपासणी, ऑपरेशन ठरलं की माणसाला बसने हॉस्पिटलात नेतात, राहणं-जेवण फुकट, परत आणून सोडतात. आणि खर्च निघतो तो पैसे भरणाऱ्या पेशंटमधून. शिबिर वाईट नसतं हो, पुढची सोय नसलेलं शिबिर वाईट.

रानवाट:
मग ऑपरेशन मंडपात करायचं नाही हे तुम्हीच म्हणताय की! घाऊक शिबिराचं काय होतं ते २०१४ ला बिलासपूरला दिसलं, एका डॉक्टरने एका दिवसात ८३ बायकांच्या नसबंदी शस्त्रक्रिया केल्या, डझनभराहून जास्त बायका गेल्या.

ठोकताळा:
ते सरकारी शिबिर होतं, टार्गेटवालं. ट्रस्टच्या गळ्यात का बांधताय?

हिशेबनीस:
मला दोघांचंही पटत नाहीये. गावातली बाई सगळ्यांना आवडते कारण ती स्वस्त पडते, हे कोणी बोलतच नाही. आशा योजना २००५ ची, ताईंना पगार नाही, कामागणिक मोबदला, वर 'स्वयंसेविका' म्हणून पाठ थोपटायची. रात्री बाळंतीण घेऊन दवाखान्यात जायचं, सकाळी सर्व्हे, आणि मोबदला थकला की संप. डॉक्टरला कोणी सेवाभावाने फॉर्म भरायला सांगतं का? सेवा बाईनेच करायची.

रानवाट:
पैशाचा मुद्दा मान्य, म्हणूनच तर म्हणतोय ना शिबिराचा पैसा तिला द्या. पण ती 'स्वस्तातला डॉक्टर' नाहीये हो. गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने वाचता न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचं साधन केलं होतं, बाळाच्या दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, एक मिनिटाच्या वाळूच्या घड्याळातली वाळू संपायच्या आत लाल मणी आला की न्यूमोनिया, औषध सुरू. नंतर घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग १९९९ ला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, ३९ गावांत केलेला, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली. डॉक्टर शहरातून निघून पोचेपर्यंत ते बाळ थांबतं का?

ठोकताळा:
नसेल थांबत. पण बंगांच्या मागे पक्कं हॉस्पिटल, ट्रेनिंग, रोजची देखरेख होती. तुम्ही नुसती बाई आणि पिशवी धाडणार, आणि उलट काही झालं तर गाव तिलाच धरणार.

कोर्टकचेरी:
मध्ये तोंड घालतो. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देणं बंधनकारक आहे. खेड्यातल्या कितीजणांना माहितीये? ज्यांना माहितीये ते उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला चकरा मारतात, तोवर पेशंट हाताबाहेर गेलेला असतो. शिबिरवाल्यांनी मंडपात एक टेबल दाखल्यांचं का नाही टाकायचं? गोळ्या नकोत, कागद करून द्या.

हिशेबनीस:
हे मात्र आवडलं. पण ते टेबल कोण सांभाळणार, परत आशाताईच ना?

कोर्टकचेरी:
ट्रस्टचा माणूस, पगारी.