मदत हवी आहे: सातबाऱ्यावर कोर्टाचा बोजा आहे, हुकूमनामा रिन्यू कसा करायचा?

करवीर_वाचक
पैशाचा हुकूमनामा (कोर्टाची डिक्री) माझ्या बाजूने आहे, डिसेंबर 2014 चा. 4,80,000 रुपये, वर 6 टक्के व्याज. समोरच्याच्या जमिनीवर जप्तीचा बोजा चढवलेला आहे. बारा वर्षं भरत आली. रिन्यूसाठी कुठला अर्ज, किती फी? लवकर सांगा, कसबा बावड्याला कोर्टात जायचंय.

दिवाणी_बाजू
आपल्याकडे हुकूमनामा रिन्यू होत नाही. मुदत कायदा 1963, अनुच्छेद 136 : 12 वर्षांच्या आत दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल झाली पाहिजे. एकदा दाखल झाली की पुढे कितीही चालो. मुदत गेली तर उशीरमाफीचा अर्जही चालत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 21 ला (अंमलबजावणीचे नियम) मुदत कायद्याचं कलम 5 लागत नाही. अपील झालं होतं का? स्टे होता का? स्टेचा काळ वजा होतो. दरखास्त चालू आहे का?

शाहूपुरी७
एकतर्फी असेल तर ऑर्डर 9 नियम 13 खाली 30 दिवसांत रद्द करून घेता येतो.

दिवाणी_बाजू
अहो, पैसे त्यांना यायचे आहेत. ते हुकूमनामा रद्द कशाला करतील?

करवीर_वाचक
अपील नाही, स्टे नाही. दरखास्त 2016 ला टाकलेली, जप्ती झाली. बोजा सातबाऱ्यावर दिसतोय, मग अडचण काय?

रांगडा_गडी
अटक वॉरंट काढा. तीन महिने दिवाणी तुरुंग म्हटलं की पैसे निघतात.

नाझर_कट्टा
इतकं सोपं नाही दादा. आधी ऑर्डर 21 नियम 37 ची नोटीस, अटक का करू नये अशी. मग ऐपत असून तो टाळतोय हे तुम्ही सिद्ध करायचं, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 51 चं परंतुक बघा. तुरुंगातला भत्ताही तुम्हीच भरायचा. आणि एकदा सुटला की त्याच हुकूमनाम्यात पुन्हा अटक नाही. त्यापेक्षा नियम 41 खाली मालमत्तेचं शपथपत्र मागा.

करवीर_वाचक, दरखास्त आज चालू आहे का, हे अजून सांगितलं नाहीत.

करवीर_वाचक
2019 ला गैरहजेरीत काढून टाकली. बोजा तर तसाच आहे ना.

नाझर_कट्टा
खरी अडचण इथेच आहे. ऑर्डर 21 नियम 57 : जप्तीनंतर दरखास्त काढून टाकताना जप्ती चालू ठेवल्याचं आदेशात लिहिलं नसेल, तर जप्ती संपली असं धरतात. इतर हक्कातली नोंद कोणी कमी केली नाही म्हणून ती दिसते, तिने जप्ती जिवंत राहत नाही. 2019 च्या आदेशाची नक्कल काढा. मधल्या काळातले फेरफारही बघा.

पंचगंगा_काठ
आता हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, रिट टाका की.

दिवाणी_बाजू
रिटने काय होणार? 2019 ला काढून टाकलेली दरखास्त पुन्हा फाईलवर घ्यायची मुदत 30 दिवसांची होती, ती कधीच गेली. पण 12 वर्षांच्या आत नवी दरखास्त टाकता येते. नियम 11 प्रमाणे आधीच्या दरखास्तीची माहिती आणि कोर्टाबाहेर मिळालेली रक्कम दाखवा. शेवटच्या आदेशाला दोन वर्षं होऊन गेलीत, म्हणून समोरच्याला नियम 22 ची नोटीस आधी. ती चुकली तर पुढचा लिलाव टिकत नाही. जमिनीची जप्ती नियम 54 खाली नव्याने मागा.

ऊसकरी
जमीन ऊसाची असेल तर बिल धरा. नियम 46 खाली कारखान्याला बिल त्याला द्यायची मनाई, मग पैसे कोर्टात भरा अशी 46-अ ची नोटीस. अर्जात कारखान्याकडचा खाते क्रमांक आणि गट नंबर द्या, नाहीतर नाव जुळत नाही म्हणून कागद परत येतो. गाळप सुरू होतानाच मागा. बिलातून सेवा संस्थेचं पीककर्ज कापलं जातं, उशीर झाला तर हाती काही उरत नाही.

करवीर_वाचक
नक्कल मिळाली. जप्तीबद्दल एक ओळ नाही. आणि 2022 चा फेरफार निघाला, समोरच्याने मुलाच्या नावे केलेलं बक्षीसपत्र.

नाझर_कट्टा
विक्री असती तर फार जड गेलं असतं. बक्षीसपत्रात मोबदला नाही, त्यामुळे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 53 उभं राहतं : धनकोला बुडवण्यासाठी केलेलं हस्तांतरण. जमीन जप्त करून घ्या. मुलगा नियम 58 खाली हरकत घेईल, तेव्हा तिथेच कलम 53 मांडा, वेगळा दावा लावायची गरज नाही. मात्र वडिलांकडे तेव्हा दुसरं काय शिल्लक होतं ते दाखवावं लागेल, म्हणून 2022 चे त्यांच्या सगळ्या गटांचे उतारे आधी काढा. दरखास्त डिसेंबरपर्यंत थांबवू नका, नोव्हेंबरच्या आत नंबर पडू दे.