'पार्क'ला मराठीत काय म्हणावे? वाडा, प्रासाद, आहूखाना आणि रमणा

प्रश्न (धुळे) :
इंग्लंडमधील ब्लेनहाइम येथील वास्तू आणि तिच्याभोवतीचे झाडीचे विस्तीर्ण आवार यांवरील एका लेखाचा मी अनुवाद करीत आहे आणि दोन शब्दांपाशी अडलो आहे. मार्लबरोच्या ड्यूकने १७०४ मध्ये लढाई जिंकली, म्हणून राणी ॲनने त्याला वुडस्टॉकची जहागीर इनाम दिली आणि १७०५ मध्ये तेथे व्हॅनब्रू या नाटककार-वास्तुकाराच्या आराखड्याप्रमाणे बांधकाम सुरू झाले. नावात 'पॅलेस' असले तरी ते घर राजाचे नव्हे, सरदाराचे; त्यामुळे 'राजवाडा' लिहिणे चुकीचे ठरेल. मग 'वाडा' लिहावे की 'हवेली'? दुसरी अडचण 'पार्क'ची आहे. 'उद्यान' लिहिले की आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे नगरपालिकेची घसरगुंडी उभी राहते, आणि येथे तर सुमारे दोन हजार एकरांत जुने ओक, गवताळ उतार आणि तलाव आहेत.

प्रतिसाद (अमळनेर) :
'वाडा' कृपया लिहू नये. कारण आकाराचे नसून तोंडाचे आहे. आपल्याकडच्या वाड्याचे तोंड आत असते. रस्त्याच्या बाजूला जाड भिंत आणि दिंडी दरवाजा, देवडी ओलांडली की चौक, चौकाभोवती ओसरी, सागवानी खांबांवर तुळया, तुळयांवर किलचण आणि वर माडी; उजेड, वारा, पाऊस हे सगळे घरात येते ते त्या चौकातून. घर केवढे हेसुद्धा आपण खणांत सांगतो, म्हणजे खांबांमधल्या अंतरावर मोजतो. भोवतालची जमीन त्या हिशेबात धरलेलीच नसते. ब्लेनहाइमचे घर याच्या नेमके उलट आहे. त्याच्या लांबच लांब दालनांच्या खिडक्या बाहेर उघडतात आणि त्या खिडक्यांतून काय दिसावे यासाठी पुढे पिढ्यान्‌पिढ्या खर्च झालेला आहे. 'गढी' तर मुळीच नको. बुरूज आणि पांढऱ्या मातीचे तट यांखेरीज त्या शब्दातून दुसरे काही उभे राहत नाही. (आमच्या गावच्या गढीचा निम्मा तट लोकांनी धाब्यावर माती टाकण्यासाठी खणून नेला, हे जाता जाता.) 'हवेली'त गल्ली आणि शेजार येतो. माझे मत 'प्रासाद' या शब्दाला. जरा पुस्तकी आहे, परंतु त्याला राजा लागत नाही आणि चौकही लागत नाही.

मात्र शब्दांच्या मुळाशी एक गंमत आहे. 'वाडा' हा संस्कृत 'वाट' या शब्दावरून आला आणि त्याचा मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा असा आहे. गुरांचा वाडा आणि मेंढ्यांचा वाडा यांत तो अर्थ अजून जिवंत आहे. आपल्या भागातले ठेलारी मेंढपाळ मुक्कामाला 'वाडा बसला' म्हणतात तेव्हा तेथे घराचा पत्ता नसतो. 'पार्क' या शब्दाचाही जुना अर्थ कुंपणाने बंद केलेली जमीन, विशेषतः शिकारीची जनावरे राखण्याची, असाच आहे. दोन्हींकडे कुंपणच होते. मराठीत त्याचे घर झाले आणि इंग्रजीत रान.

प्रतिसाद (रावेर) :
ती शिकारीची जमीन आपल्या खानदेशातही होती आणि तिला नावही होते. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी फारुकी सुलतानांच्या काळापासून ते खानदेशाच्या राजधानीचे ठिकाण. तेथे किल्ल्यासमोर तापीच्या पलीकडच्या काठावर, झैनाबादेत, 'आहूखाना' आहे. फारसीत आहू म्हणजे हरीण. शिकारखाना, हत्तीखाना तसा आहूखाना. जून १६३१ मध्ये बऱ्हाणपुरात मुमताज महलचा मृत्यू झाला तेव्हा तिला प्रथम तेथेच दफन केले होते आणि डिसेंबरात पार्थिव आग्र्याला नेले. राहण्याचे ठिकाण एका काठावर आणि हरणांचे राखीव आवार दुसऱ्या काठावर, अशी ही रचना आहे.

वुडस्टॉकचा इतिहासही याच वळणाचा आहे. ब्लेनहाइमच्या कितीतरी आधी, बाराव्या शतकात, इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याने ते रान शिकारीसाठी दगडी भिंत घालून बंद केले होते आणि त्यात परदेशांतून आणलेले सिंह व बिबटेही ठेवले होते. म्हणजे रान आधीचे आणि प्रासाद नंतरचा. अनुवादात हा क्रम उलटा होऊ देऊ नये. 'आहूखाना' हा शब्द आज तळटीपेशिवाय चालणार नाही, हे मान्य आहे. पण 'रमणा' आहे ना! हरणे व इतर शिकार राखण्याचे बंदिस्त रान हा अर्थ जुन्या मराठीत त्याला आहे.

प्रतिसाद (जळगाव) :
'रमणा' म्हटले की पुण्याच्या वाचकाला पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी वाटली जाणारी श्रावणातली दक्षिणा आठवेल. 'कुरण' का नको? धुळ्याजवळच्या लळिंग कुरणातच लांडोर बंगला आहे, जेथे डॉ. आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी मुक्कामाला होते. झाडीत एकटे उभे असलेले घर आणि भोवतीचे राखलेले रान, हे चित्र धुळेकरांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

प्रश्नकर्ता (धुळे) :
सर्वांचे आभार. 'प्रासाद' निश्चित केला. 'कुरण' मोहात पाडते, परंतु त्यात गवत मुख्य आणि झाड गौण आहे. वुडस्टॉकच्या शेकडो वर्षे वयाच्या ओकांना तो शब्द पेलणार नाही. म्हणून हेन्रीच्या काळासाठी 'रमणा' घेतो आणि पहिल्या उल्लेखाबरोबर 'शिकारीचे राखीव रान' एवढा खुलासा जोडतो. पुढच्या काळासाठी मात्र तोच शब्द ओढणे बरोबर नाही. १७६४ पासून 'केपेबिलिटी' ब्राउन या उद्यानरचनाकाराने तेथे काम केले, प्रासादापुढची आखीव फुलबाग काढून तेथे हिरवळ नेली आणि ग्लाइम नदी अडवून तलाव केला. व्हॅनब्रूचा पूल त्या पाण्यात निम्मा बुडाला. शिकार मागे पडून देखावा मुख्य झाला, तेव्हा तेथून पुढे 'वनोद्यान' लिहीन.

आता दोन लहान शब्द उरले. अशा बागांत गुरे प्रासादापाशी येऊ नयेत आणि खिडकीतून कुंपणही दिसू नये, म्हणून एका अंगाला उभी भिंत आणि दुसऱ्या अंगाला उतार असा खड्डा खणत. त्याला 'खंदक' न म्हणता 'चर' म्हणतो, कारण शेताच्या बांधाला जनावरांसाठी आपण तोच खणतो. ब्राउनने नदीवर घातला त्याला 'बंधारा' म्हणावे, असे प्रथम वाटले होते. परंतु पांझरा नदीवरच्या फड पद्धतीच्या सिंचनातला बंधारा पाणी वळवून पाटात सोडतो, साठवत नाही, आणि 'धरण' म्हटले की हतनूर डोळ्यांपुढे येते. तूर्त 'बांध घालून नदी अडवली' असे क्रियापदानेच निभावून नेतो.