शहर शिवारात आले, तेव्हाचे अनुभव

जळगाव शहराची लोकसंख्या २००१ मध्ये ३,६८,६१८ होती, ती २०११ मध्ये ४,६०,२२८ झाली. मधल्या काळात, २००३ मध्ये, जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी महानगरपालिका आल्या. या वाढीत आपल्या शिवाराचे नेमके काय झाले, ते प्रत्येकाने येथे लिहावे, ही विनंती.

पिंप्राळा, जळगाव

शेत एका दिवसात जात नाही. आधी शेजारच्या रानात चुन्याच्या रेघा आणि सिमेंटचे खुंट दिसतात. मग पाणंद अडते आणि बैलगाडी न्यायची तर कोणाच्या तरी प्लॉटमधून न्यावी लागते. मग सालदार मिळेनासा होतो, कारण बांधकामावर रोजची मजुरी रोख मिळते. भाऊबंदांपैकी एकाने विकले की बाकीच्यांची शेती अर्धी मोडलीच. आम्हीही विकले आणि पैसे चांगले आले, हे लपवण्याचे कारण नाही. चुटपुट आहे ती विहिरीची. आजोबांच्या काळातील दगडी बांधणीची ती विहीर, मोटेचे पाणी ओतायच्या थारोळ्यासकट, लेआउटमधील रस्त्याच्या आड येते म्हणून मुरूम आणि विटांचे तुकडे टाकून बुजवली गेली. तिला उन्हाळ्यातही पाणी असे. आता त्याच गल्लीत घरटी बोअर आहे आणि मे महिन्यात टँकर येतो.

वलवाडी, धुळे

शेतजमिनीवर घर बांधणाऱ्यांपैकी मी एक आहे. शिरपूर तालुक्यातील आमच्या गावात मुलांच्या पुढील शिक्षणाची सोय नव्हती आणि धुळ्यातील देवपूर भागातील जागा शिक्षकाच्या पगारात बसणारी नव्हती, म्हणून वलवाडीत बिनशेती प्लॉट घेतला. तेव्हा येथे ग्रामपंचायत होती. २०१८ मध्ये गाव शहराच्या हद्दीत आले. प्लॉट दाखवणाऱ्याने मातीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया पुरेसा खोल नसेल, तर भिंतीही तिच्याबरोबर हलतात. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील तडा मी दरवर्षी बुजवतो. गावातील वृद्ध शेतकऱ्याने तो पाहिला आणि शांतपणे विचारले, "मास्तर, या रानात आम्ही गोठासुद्धा बांधला नाही, तुम्हाला कोणी सांगितलं?"

जामनेर तालुका

आमच्यापर्यंत शहर आलेले नाही, त्याचे पैसे मात्र आले आहेत. शेतजमीन विकून दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतल्यास प्राप्तिकरात सवलत मिळते. त्यामुळे जळगावजवळ विकणारे शेतकरी इकडे येऊन एका एकराच्या पैशात कितीतरी एकर घेतात. त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मीही हेच केले असते. परंतु येथील जमिनीचा भाव आता कपाशीच्या उत्पन्नावर ठरत नाही. माझ्या बांधाला लागून असलेले दोन एकर विक्रीला निघाले, तेव्हा मालकाने सांगितलेला आकडा ऐकून मी बोलणीसुद्धा केली नाहीत.