जोडीदाराच्या सहीवर टिकलेला मुक्काम: परवाना पुन्हापुन्हा मागायला लावणं बरोबर आहे का?

उंबरठा

नवरा जर्मन, मी त्याची परदेशी बायको. गेल्या महिन्यात रेसिडेन्स परमिट वाढवून घ्यायला दोघं गेलो होतो. आदल्या रात्री आमचं चांगलंच वाजलं होतं. कारण सांगण्यासारखं नाही, कुठल्याही घरात वाजतं तसं. एरवी मी दोन दिवस अबोला धरला असता. पण सकाळी उठून मीच कॉफी केली, 'निघायचं ना?' मीच विचारलं, ट्राममध्ये मीच हसून बोलले. कारण फाईलमध्ये एक कागद होता. आम्ही पती-पत्नी म्हणून एकत्र राहतो, असं लिहिलेला, खाली दोन सह्यांची जागा. त्याची सही अजून व्हायची होती.

सही झाली, मुदतवाढही मिळाली. पण तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. त्या सकाळी मी भांडण गिळलं ते मायेपोटी गिळलं नव्हतं. आणि माझा नवरा तर साधा माणूस आहे, त्यानं सहीचा विषय आजवर एकदाही काढलेला नाही. ज्यांचा नवरा काढतो त्यांचं काय होत असेल?

माझं म्हणणं असं की लग्न खरं आहे का ते सरकारनं जरूर तपासावं. कसून तपासावं, पण सुरुवातीला, एकदाच. नंतरचा परवाना त्या माणसाच्या स्वतःच्या नावावर असावा. इथे जर्मनीत निवास कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे देशात तीन वर्षं संसार झाला असेल तरच जोडीदाराला स्वतंत्र हक्क मिळतो. त्याआधी मोडला तर परवान्याचा पायाच जातो. ही मुदत आधी दोन वर्षं होती. २०११ मध्ये तीन केली, आणि तीही जबरदस्तीच्या लग्नांना आळा घालण्यासाठी आणलेल्या कायद्यातून! म्हणजे जिला जबरदस्तीनं बोहल्यावर चढवलं तिनं आणखी एक वर्ष कळ काढायची. छळ होत असेल तर अपवाद आहे म्हणा. पण बंद दाराआडचा छळ कागदावर आणायचा कसा, ते ज्याचं त्यानं बघायचं.

मतभेद असतील तर बिनधास्त लिहा, मी रुसणार नाही. सही झालेली आहे. :)

सहीवाला

लिहितोच. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूचा. अमेरिकी नागरिक, बायको परदेशी, तिचं ग्रीनकार्ड माझ्या अर्जावर. सही करणारा म्हणजे जणू हातात चाबूक घेतलेला माणूस, असं तुमचं चित्र दिसतंय. त्याची दुसरी बाजू ऐका.

इथे ग्रीनकार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. ती संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून अर्ज करायचा, संसार खरा आहे याचे पुरावे जोडायचे, मग पक्कं कार्ड. १९८६ पासून हे असं आहे आणि ते उगाच आलेलं नाही, कागदापुरती लग्नं होत होती म्हणून आलं. आजही होतात. माझ्या ओळखीत एकीचा नवरा पक्कं कार्ड हातात पडल्यावर तिसऱ्या आठवड्यात घर सोडून गेला. तिच्या बाजूनं धागा कोण काढणार?

आणि सही फक्त तुमच्याच मानेवर लटकते असं नाही. बायकोला आणताना मी आय-८६४ नावाचं हमीपत्र दिलंय. तिला दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न मिळत राहील अशी माझी जबाबदारी. घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही! ती नागरिक झाली, कामाच्या ४० तिमाह्या भरल्या, कायमची देश सोडून गेली किंवा आमच्यापैकी एक जण वर गेला तरच सुटका. लग्न मोडेल पण हमी मोडणार नाही. मग सरकारनं दोन वर्षांनी 'अजून एकत्र आहात ना?' इतकंच विचारलं तर बिघडलं कुठे?

सुरुवातीला एकदा कसून तपासा म्हणता. काय तपासणार? लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात प्रत्येक जोडपं खरंच दिसतं. संसार खरा की खोटा हे काळच सांगतो.

फाईलवाली

सहीवाल्यांशी ऐंशी टक्के सहमत. जपानमध्ये माझी तीन रिन्यूअल झाली. एक वर्ष, मग पुन्हा एक, मग तीन. सहा महिन्यांचाही परवाना असतो आणि पाचाचाही, कुणाला किती ते अधिकारी ठरवतो. मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून अर्ज घेतात. राहत्या पत्त्याचा दाखला, कर भरल्याचा दाखला, नवऱ्याचं हमीपत्र, एकत्र फोटो. मी एक जाड फाईल केली आहे, वर्षभर कागद तिच्यात पडत असतात. पहिल्या वेळी पोटात गोळा आला होता. आता दात साफ करून घ्यायला जावं तशी जाते.

उंबरठा, तुमची कॉफीची गोष्ट वाचून वाईट वाटलं, पण खरं सांगू? नोकरीतल्या वरिष्ठाशीही आपण पगारवाढीच्या आठवड्यात गोड बोलतोच. सगळ्याच नात्यांत कुणाची ना कुणाची सही लागते.

उरलेले वीस टक्के मात्र तुमच्या बाजूनं. २०१२ पासून इथे नियम आहे की घटस्फोट झाला किंवा जोडीदार वारला तर चौदा दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं. वारला तरी चौदा दिवस! आणि सबळ कारण नसताना सहा महिने जोडीदार म्हणून राहिला नाहीत तर परवाना रद्द होऊ शकतो. आणखी एक बारीक बोचणारी गोष्ट. कोसेकी नावाची त्यांची कुटुंबाची नोंदवही असते. परदेशी जोडीदाराची त्यात स्वतंत्र नोंद नसते, नवऱ्याच्या नोंदीतला लग्नाचा शेरा म्हणजे आपण. पहिल्यांदा तो उतारा हातात घेतला तेव्हा स्वतःचं नाव शोधायला वेळ लागला.

त्रिशंकू

पगारवाढीच्या आठवड्याची तुलना पटली नाही. वरिष्ठाशी बिनसलं तर नोकरी जाते. इथे बिनसलं तर नोकरी, घर, डॉक्टर, मुलांची शाळा, सगळं एकाच दिवशी जातं.

मी ब्रिटनमध्ये, बायको ब्रिटिश. सहीवाले म्हणतात काळच खरं-खोटं सांगतो. मग किती काळ, तेही सांगा. इथे २००३ पर्यंत परीक्षेचा काळ एक वर्ष होता. मग दोन झाला. २०१२ पासून पाच. दर वेळी कारणांच्या यादीत खोटी लग्नं होतीच. माणसाचा खरेपणा कळायला २००२ मध्ये एक वर्ष पुरत होतं आणि आता पाच लागतात? प्रेम करायची पद्धत इतकी बदलली?

शिवाय इथलं रिन्यूअल म्हणजे लग्नाची परीक्षा कमी आणि बँक खात्याची जास्त. २०१२ मध्ये वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्नाची अट आली, ११ एप्रिल २०२४ पासून नव्यानं येणाऱ्यांना ती २९,००० झाली. आम्ही जुने म्हणून जुन्या आकड्यात वाचलो. अडीच वर्षांनी मुदतवाढ, तेव्हा आरोग्यसेवेचा सरचार्ज वर्षाला १,०३५ पौंड, म्हणजे २,५८७.५० आगाऊ. अर्जाची फी वेगळी.

आमच्या मुदतवाढीच्या तीन महिने आधी बायकोची नोकरी गेली. संसार तोच, माणसं तीच, पण कागदावर आमचं लग्न अचानक संशयास्पद! मुदतवाढीला माझाही इथला पगार धरतात म्हणून निभावलं. पहिल्या अर्जाच्या वेळी मी देशाबाहेर होतो, तेव्हा तिची नोकरी गेली असती तर माझ्या पगाराला शून्य किंमत होती. गरीब माणसाचं प्रेम खोटं असतं असं कुठे लिहिलंय का?

सहीवाला

@त्रिशंकू, उत्पन्नाच्या अटीवर मी तुमच्याच बाजूनं, तो वेगळा धागा होईल. पण मूळ मुद्दा निसटतोय. परदेशी जोडीदाराला देशात घेणं हा कुणाचा जन्मसिद्ध हक्क नाही. देश एक सवलत देतो, ती ज्या कारणासाठी दिली ते कारण टिकून आहे का हे विचारतो. शिक्षणासाठी दिलेला व्हिसा शिक्षण सोडल्यावर संपतो, तेव्हा कुणी धागा काढत नाही.

इतिहासाचं पान

सवलत कुणाला वाटते आणि हक्क कुणाला, हे काळानुसार आणि लिंगानुसार बदलत आलंय. अमेरिकेत १९०७ च्या कायद्यानं परदेशी पुरुषाशी लग्न केलेल्या अमेरिकी बाईचं *स्वतःचं* नागरिकत्व जायचं. १९२२ पासून ते हळूहळू सुटत गेलं. तेव्हाही 'देशाचा अधिकार' हाच युक्तिवाद होता.

ब्रिटनचा किस्सा त्याहून भारी. तिथल्या पुरुषांना परदेशी बायको आणणं सोपं, बायकांना परदेशी नवरा आणणं कठीण. तीन बायका स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि १९८५ मध्ये जिंकल्या. सरकारनं भेदभाव कसा मिटवला? नवऱ्यांसाठीचे नियम सैल नाही केले, बायकांसाठीचे कडक केले. समानता आली!

आणि सुरिंदर सिंग यांचा खटला तर या धाग्यासाठीच झाल्यासारखा आहे. भारतीय नागरिक, बायको ब्रिटिश, १९८२ मध्ये लग्न. दोघांनी जर्मनीत नोकऱ्या केल्या, १९८५ च्या अखेरीस ब्रिटनला परतले. नवरा म्हणून बारा महिन्यांचा परवाना मिळाला. १९८७ मध्ये घटस्फोटाचा प्राथमिक हुकूम झाला आणि सरकारनं परवाना मध्येच तोडला. लग्न कायद्यानं अजून संपलेलं नव्हतं. युरोपीय न्यायालयानं १९९२ मध्ये निकाल दिला की नागरिक युरोपीय समुदायाच्या (आताच्या युरोपीय संघाच्या) दुसऱ्या सदस्य देशात काम करून मायदेशी परतला तर जोडीदाराला सोबत आणण्याचा हक्क युरोपीय कायद्यातून येतो. त्यानंतर कित्येक जोडपी मुद्दाम शेजारच्या देशात काही महिने राहून परत येऊ लागली, त्या वाटेलाच सुरिंदर सिंग मार्ग म्हणतात. डेन्मार्कनं २००२ मध्ये दोघंही २४ वर्षांचे हवेत अशी अट घातली, तेव्हा डॅनिश माणसं पुलापलीकडे स्वीडनमधल्या माल्मोला बिऱ्हाड करून नोकरीला रोज कोपनहेगनला येऊ लागली.

@सहीवाला, शिक्षणाची तुलना लंगडी आहे. शिक्षण सोडायचं की नाही हे विद्यार्थ्याच्या हातात असतं. इथे 'कारण' दुसऱ्या माणसाच्या हातात आहे.

फाईलवाली

हे शेवटचं वाक्य पटलं. माझ्या ऐंशीचे सत्तर करा.

सहीवाला

सत्तर काय, उद्या पन्नास कराल. :) पण मग उपाय सांगा ना कुणीतरी. 'एकदा तपासा आणि सोडून द्या' हा उपाय नाही. माझ्या ओळखीतल्या त्या बाईला विचारा.

उंबरठा

@सहीवाला, तुमच्या ओळखीतल्या बाईचं उदाहरण मी दोन दिवस टाळत होते, कारण त्याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. तिचा नवरा दोन वर्षांची परीक्षा पास होऊन गेला ना? म्हणजे रिन्यूअलनं त्याला अडवलं नाही. हे उत्तर मी आधी लिहिलं आणि खोडलं, कारण ती बाई फसली ती फसलीच, मी वाद जिंकल्यानं तिला काय मिळणार?

तर माझं आधीचं मत थोडं मागे घेते. एकदाच तपासून भागणार नाही, मान्य. दोन वर्षांनी परत बघा. पण बघताना मला एकटीला बोलवा. माझी नोकरी, माझा कर, मी इथे राहते का, भाषा शिकले का, लग्न खोटं होतं असा काही पुरावा आहे का, हे सगळं विचारा. नवऱ्याची सही मात्र पहिल्या अर्जापुरती ठेवा. तुमच्याच अमेरिकेत हे अर्धंमुर्धं आहे. घटस्फोट झाला असेल किंवा छळ होत असेल तर लग्न खऱ्या मनानं केलं होतं हे दाखवून एकट्यानं अर्ज करता येतो, १९९४ च्या कायद्यानं छळ सोसणारी बाई नवऱ्याला न कळू देता स्वतःचा अर्जही करू शकते. ब्रिटनमध्येही छळातून बाहेर पडलेल्यांना तीन महिने राहायची मुभा आणि मग थेट कायम राहण्याचा अर्ज. म्हणजे वाट काढता येते हे सरकारांना माहीत आहे. फक्त ती वाट मार खाल्ल्यावर उघडते. माझ्यासारखी, जिला कुणी हात लावलेला नाही, फक्त भांडण गिळावं लागलं, तिच्यासाठी ती नाही. आणि भांडण गिळण्याचा पुरावा कुठल्या फाईलमध्ये लावायचा?

त्रिशंकू

एकटीला बोलवा, याला जोरदार अनुमोदन.

सहीवाला

एकटीला बोलवायला माझी हरकत नाही. पण मग माझं हमीपत्रही घटस्फोटाच्या दिवशी फाडा. तिची सुटका आणि माझी अडकवणूक असं नको.

उंबरठा

फाडा की! मी साक्षीला येते.

फाईलवाली

तात्त्विक चर्चा झाली, आता एक चोंबडा प्रश्न. उंबरठा, त्या दिवशी खिडकीवरच्या बाईंनी नवऱ्याला तोंडी काही विचारलं का? आमच्याकडे कागदच बघतात.

उंबरठा

विचारलं. 'अजून एकत्र राहता ना?' तो 'हो' म्हणाला आणि पेन शोधायला खिसे चाचपू लागला. पेन माझ्या हातात होतं. मी ते पुढे करायच्या आधी थोडी थांबले, का ते मलाही सांगता येत नाही. त्याला वाटलं मला पेन सापडत नाहीये.