पाणी शुद्ध करायचं आरओ मशीन घेऊन पस्तावलात का कोणी? नव्या घरासाठी सल्ला हवाय

धायरीवाली:
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात पुण्यात धायरीला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. घरात सासूबाई, तीन वर्षांची लेक आणि आम्ही दोघं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव या आमच्याच पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण निघाले, तेव्हापासून पाण्याची धास्ती बसलीये. तेव्हा दोन महिने सगळं पाणी उकळून प्यायलो होतो.

परवा एक जण घरी येऊन डेमो देऊन गेला. एका ग्लासात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओचं. दोन्हीत धातूच्या कांड्या असलेलं एक यंत्र बुडवलं आणि प्लग लावला. मिनिटभरात आमचा ग्लास तपकिरी झाला, वर फेस, तळाशी हिरवट काळा साका. त्याचा ग्लास मात्र नितळ. सासूबाईंनी तोंडाला पदरच लावला. "हे आपण लेकराला पाजत होतो?" म्हणाल्या.

मशीन १८,५०० चं. शनिवारपर्यंत बुक केलं तर दोन हजार कमी. नवरा म्हणतोय घेऊन टाकू. पण बहिणीने असंच घाईत घेतलेलं मशीन दीड वर्ष बंद पडून आहे, म्हणून आधी इथे विचारतेय. सोसायटीला कॉर्पोरेशनचं पाणी आहे, एप्रिल-मेमध्ये टँकर येतात. काय घेऊ?

कोथरूडची आजी:
अगं, थांब जरा. आम्ही २०१७ साली घेतलं आणि पस्तावलो. एक हंडा पाणी भरेस्तोवर मोरीतली बादली दोनदा भरून वाहायची. सुरुवातीला त्या पाण्याने लादी पुसायचे, भांडी विसळायचे, पण रोज किती पुसणार? शेवटी नळीच मोरीत सोडून दिली. खडकवासल्याचं पाणी असं वाहून जाताना बघवत नव्हतं. उन्हाळ्यात दिवसाआड पाणी यायचं तेव्हा तर जीव तुटायचा.

वर त्या पाण्याला काही चवच नव्हती. दर वर्षी एएमसीचे (देखभालीच्या कराराचे) साडेचार हजार, आणि येणारा प्रत्येक माणूस 'मेम्ब्रेन (आतली जाळी) गेलंय' म्हणायचा. आता तीन वर्षं झाली, गाळून उकळते आणि माठात ठेवते. कुणाला काही झालेलं नाही.

नमुना-बाटली:
पाणी तपासणीच्या कामात बरीच वर्षं गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तो डेमो. त्या यंत्रात एक कांडी लोखंडाची असते आणि एक ॲल्युमिनियमची. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. तुम्हाला दिसला तो साका कांडीचा होता, पाण्यातला नव्हे. आरओच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात, म्हणून वीज फारशी वाहत नाही आणि ग्लास नितळ राहतो. पुढच्या वेळी त्याच्याच ग्लासात चिमूटभर स्वयंपाकाचं मीठ टाका आणि पुन्हा प्लग लावायला सांगा. तेही पाणी तपकिरी होईल. सासूबाईंनाही हे दाखवा, त्यांच्या मनातली भीती जायला हवी.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला भीती आहे जंतूंची, आणि तो विकतोय क्षार काढायचं मशीन. जीबीएसच्या साथीत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला होता. तो उकळल्याने मरतो, यूव्हीनेही (अतिनील किरणांनीही) मरतो. आरओची जाळी जंतू अडवते हे खरं, पण तेवढ्यासाठी गोड पाण्यातले क्षार काढून टाकायचे आणि दोन-तीन लिटर ओतून एक लिटर मिळवायचं, याला काही अर्थ नाही. भारतीय मानकात टीडीएसची (पाण्यात विरघळलेल्या क्षारांची) इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. ५०० च्या आतल्या पाण्याला आरओवर बंदी घालणारी अधिसूचना काढा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं, ते याच नासाडीमुळे.

दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर आणा आणि आधी मोजा. आकडा कमी आला तर यूव्ही आणि यूएफ (जंतू अडवणारी बारीक जाळी) असलेलं साधं मशीन पुरे. यूव्हीला पाणी स्वच्छ लागतं, गढूळपणात किरण पोचत नाहीत, म्हणून आधी गाळणी हवीच. दिवा पेटलेला दिसला तरी त्याचा जोर वर्षभरात उतरतो, तो वेळेवर बदला.

मात्र मीटर जंतू दाखवत नाही हे पक्कं लक्षात ठेवा. आकडा ८० आला म्हणून पाणी निर्धोक झालं असं नाही. इमारतीची टाकी शेवटची कधी धुतली, ते सोसायटीत विचारलंत का?

अकोल्याचा:
वरचं सगळं पटलं, पण 'आरओ घेऊच नका' असं सरसकट कोणी वाचू नये म्हणून लिहितोय. आमचं गाव पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीतलं पाणीच खारट. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो, भांड्यावर पांढरा थर बसतो. पाहुणे आले की पहिल्यांदा पाण्याचं भांडं तोंडाला लावून थबकतात, ते पाहून आईला फार वाईट वाटायचं. आमच्याकडे आरओ ही गरज आहे. यवतमाळ, चंद्रपूरकडे ज्या गावांच्या विहिरीत फ्लोराइड जास्त आहे तिथेही उकळून काही होत नाही, उलट पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं. पाणी कुठलं ते आधी बघा.

ठाणेकर:
+१. आम्हाला टँकरसाठी म्हणून आरओ गळ्यात मारला होता. वर्षातले दहा महिने धरणाचं पाणी, ते मशीन अजून वापरतोय आणि अजून हळहळतोय.
ताई, घ्यायचंच झालं तर आधी एएमसीत काय येतं आणि काय नाही ते लेखी घ्या. आम्हाला फोनवर 'सगळं येतं' सांगितलं, बिलात मेम्ब्रेन आणि पंप वेगळे लागले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केली तेव्हा पंपाचे पैसे परत मिळाले.

धायरीवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. मीटर आणला. नळाचं पाणी ९४. शेजारच्या सोसायटीत सध्या टँकर येतोय, तिथून बाटली भरून आणली तर ६१०.

शनिवारी तो माणूस आला तेव्हा सासूबाईंनी स्वतःच्या हाताने त्याच्या ग्लासात मीठ टाकलं. पाणी तपकिरी होताना त्या बघत राहिल्या. मग उठून आत गेल्या आणि आमच्याच माठातलं पाणी पेलाभर प्यायल्या. बुकिंग केलं नाही.

टाकीचं विचारलं. सेक्रेटरींकडे शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची निघाली. रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घ्यायला लावलाय. टँकरच्या दोन महिन्यांचं काय करू, एवढंच आता सांगा.

नमुना-बाटली:
६१० म्हणजे बहुधा बोअरचं पाणी. इष्ट मर्यादेच्या वर आहे, पण त्यात नायट्रेट किती, फ्लोराइड किती, हे मीटरवरून कळणार नाही. टँकर सुरू झाले की पहिल्या आठवड्यातच सोसायटीच्या नावाने नमुना तपासायला द्या. पुण्यात राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक असावी लागते, घरची चालत नाही, ती त्यांच्याकडूनच मागून घ्या आणि भरल्यावर बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. अहवाल येईपर्यंत लेकीचं आणि सासूबाईंचं प्यायचं पाणी कॉर्पोरेशनच्या नळाचंच वेगळं भरून ठेवा आणि उकळा. अहवाल आला की आकडे इथे टाका, मी बघतो.